चित्रपटांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, त्यांना

स. न. वि. वि.

हे पत्र कुणा एकाच्या नावे नाही. जुन्या चित्रपटांचे हक्क ज्यांच्या कपाटात पडून आहेत त्या निर्मितीसंस्था, निर्मात्यांचे वारसदार, वितरक आणि हजारो चित्रपट बाळगून त्यातले पन्नासच आमच्या डोळ्यांपुढे नाचवणारे स्ट्रीमिंगवाले, अशा सगळ्यांना मिळून ते लिहितोय.

मी एका छोट्या फिल्म सोसायटीचा चिटणीस. महिन्यातून दोन खेळ, चाळीस-पन्नास खुर्च्या आणि खेळ संपल्यावर त्या उचलायला उरणारी चार माणसं. चिटणीस म्हणजे सारखा चित्रपट बघत असणार, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात मी पत्रं लिहितो. परवानगीची पत्रं, मग स्मरणपत्रं, मग स्मरणपत्राची आठवण करून देणारी पत्रं.

अशाच एका पत्राला चौदा महिन्यांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. दुसरी ओळ अशी: सदर चित्रपटाला प्रेक्षक नसल्याने तो प्रदर्शनासाठी देण्याचा विचार नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या जागी तुमच्यापैकी कुणीही असू शकलं असतं. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. प्रेक्षक नाही म्हणून दाखवायचा नाही, दाखवत नाही म्हणून प्रेक्षक नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. या उत्तराला उत्तर म्हणून मी जे लिहायला बसलो, ते वाढत वाढत इथवर आलं.

‘विस्मृतीत गेलेला चित्रपट’ हा शब्दप्रयोग मला मुळातच खटकतो. विसरायला आधी माहीत असावं लागतं. ज्यांना आपण उपेक्षित म्हणतो त्यातले बरेचसे चित्रपट लोकांनी बघून नाकारलेले नाहीत. ते लोकांपर्यंत गेलेलेच नाहीत. आणि त्याचं कारण बहुतेक वेळा चित्रपटात नसतं, कागदपत्रांत असतं.

तुम्हाला पटावं म्हणून तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेतो. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ 1946 साली आला, तेव्हा त्याने खर्चही भरून काढला नाही. पुढे 1974 मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. कुणाच्या तरी टेबलावरचा एक कागद वेळेत पुढे सरकला नाही, एवढंच. त्यामुळे तो फुकट दाखवता येऊ लागला आणि अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्यांनी दर नाताळात त्याचा नुसता रतीब घातला. लोकांनी तो बघितला, पुन्हा पुन्हा बघितला, मुलांना दाखवला. आज तो त्या देशातल्या सर्वांत लाडक्या चित्रपटांपैकी एक आहे. चित्रपटाची एकही चौकट बदलली नव्हती, फक्त कुलूप गळून पडलं होतं. गंमत म्हणजे तो असा लाखमोलाचा झाल्यावर, 1993 मध्ये, मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन त्यावर पुन्हा मालकी सांगितली गेली. प्रेक्षक कुणी तयार केले आणि भाडं कुणी वसूल केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता उलटं उदाहरण, कुलूप शाबूत राहिल्याचं. चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीतला, कत्तलखान्यात काम करणारा स्टॅन, त्याची बायको, मुलं, मित्र. बर्नेटने तो कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना पदवीचा प्रबंध म्हणून केला. शनिवार-रविवार साधून, 16 मिमीच्या कृष्णधवल फिल्मवर, दहा हजार डॉलरच्या आत, बहुतेक ओळखीपाळखीची माणसं घेऊन. 1977 मध्ये तो पुरा झाला. 1981 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. 1990 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतलं. आणि चित्रपटगृहात तो रीतसर लागला कधी? 2007 मध्ये. म्हणजे राष्ट्राचा ठेवा ठरल्यानंतर सतरा वर्षांनी.

घोडं अडलं होतं गाण्यांपाशी. डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन, लुई आर्मस्ट्राँग अशांच्या ध्वनिमुद्रिका विद्यार्थीदशेतल्या बर्नेटने वापरल्या होत्या आणि त्यांचे हक्क घेतलेले नव्हते. अखेर ते मिळवायला सुमारे दीड लाख डॉलर लागले. चित्रपट करायला लागले त्याच्या पंधरापट! गाणाऱ्यांचे, त्यांच्या वारसांचे पैसे बुडवावेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण तीस वर्षं चित्रपट पडून राहिल्याने त्या गाण्यांनाही दमडी मिळाली नाही, एवढं तरी मान्य करा.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. स्टॅन आणि त्याचा मित्र कुणाकडून तरी जुन्या मोटारीचं इंजिन विकत घेतात. ते अवजड धूड दोघं मिळून जिन्यावरून खाली आणतात, एकेका पायरीवर थांबत, धापा टाकत. कसंबसं छोट्या ट्रकच्या मागच्या फळीवर टेकवतात. आणखी थोडं आत ढकलायला हवं, ते स्टॅनला दिसतंय. पण मित्राचं बोट चेचलंय, दोघांचा जीव मेटाकुटीला आलाय. राहू दे, कुठे जातंय ते. ट्रक चढावर सुरू होतो आणि इंजिन मागच्या मागे रस्त्यावर आदळतं. कामातून गेलं. दोघं उतरतात, बघतात, परत बसतात. ट्रक पुढे जातो, इंजिन मागे रस्त्यात पडून राहतं. संगीत नाही, कुणी कपाळावर हात मारत नाही. राबणाऱ्या माणसाचं हातातोंडाशी आलेलं कसं जातं, यावर शंभर भाषणं ऐकली असतील मी. हा मिनिटा-दोन मिनिटांचा प्रसंग बघितल्यावर आमच्या हॉलमध्ये कुणीतरी नुसतं ‘च्’ केलं, तेवढं आजही कानात आहे.

‘याला प्रेक्षक नाही’ असं याही चित्रपटाबद्दल कुणीतरी कधीतरी लिहिलं असणारच.

बार्बरा लोडेनच्या ‘वांडा’चंही तसंच. लोडेनने स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातली मुख्य भूमिकाही केली, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांना घेऊन. 1970 मध्ये व्हेनिसला समीक्षकांनी पारितोषिक दिलं आणि घरी परतल्यावर अमेरिकेत तो जेमतेम लागला. कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यांमधून एक पांढुरका ठिपका हळूहळू सरकतोय, बराच वेळ, आणि मग लक्षात येतं की ही बाई आहे, हिचीच गोष्ट आपण बघायची आहे. घटस्फोटाच्या खटल्यात ती केसांना कर्लर लावून उभी राहते आणि मुलं नवऱ्याकडेच ठेवा म्हणते. तिला चांगली म्हणावं की वाईट, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. लोडेन 1980 मध्ये कर्करोगाने गेली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट तिच्या हातून झालाच नाही. ‘वांडा’ची मूळ निगेटिव्ह एका बंद पडणाऱ्या लॅबमधून कचऱ्यात जाता जाता एका अभिलेखपालाने वाचवली, म्हणून 2010 मध्ये तिची नीट दुरुस्ती करता आली. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले असते तर आम्ही कशाला मुकलो, हेही आम्हाला कळलं नसतं.

अशा योगायोगांवर किती दिवस काढायचे? डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या 1928 मधल्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. 1981 मध्ये ओस्लोच्या एका मनोरुग्णालयात सफाई कामगारांचं कपाट आवरताना तिची जुनी प्रिंट सापडली. त्यानंतरही डबे नीट तपासले जायला तीन वर्षं लागली. मोहम्मद रेझा अस्लानींचा इराणी चित्रपट ‘चेस ऑफ द विंड’ 1976 चा. क्रांतीनंतर त्यावर बंदी आली, सगळ्यांनी तो गेलाच म्हणून सोडून दिला. 2014 मध्ये दिग्दर्शकाच्या मुलाला त्याची रिळं जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली. ऋत्विक घटकांनी ‘नागरिक’ 1952 मध्ये पूर्ण केला, म्हणजे ‘पथेर पांचाली’च्या तीन वर्षं आधी. लोकांसमोर आला तो 1977 मध्ये. घटक 1976 च्या फेब्रुवारीतच गेले होते. आपला पहिला चित्रपट लागलेला बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना आपण ज्या क्रमाने नावं घेतो, तो क्रम कुणाची प्रिंट कपाटातून आधी बाहेर आली यावरही ठरलेला असतो, हे यातून ध्यानात यावं.

आणि हे नशीबवान म्हणायचे. अमेरिकेत 1912 ते 1929 या काळात पूर्ण लांबीचे जवळपास 11,000 मूकपट निघाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या अहवालानुसार त्यातले जेमतेम 14 टक्के मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत. बाकीच्यांपैकी बहुतेक जळाले, कुजले, चांदी काढून घेण्यासाठी वितळवले गेले, किंवा जागा अडते म्हणून फेकले गेले. त्या काळी कुणाला ठाऊक होतं, असं म्हणून ते एकवेळ सोडून देऊ. पण ‘बॅटगर्ल’ बघा. 2022 मध्ये, जवळपास पूर्ण होत आलेला चित्रपट वॉर्नरने बासनात गुंडाळला, आणि करात सूट मिळवण्यासाठी ते केलं असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. तो चांगला होता की भिकार, देव जाणे. बघूच दिला नाही तर ठरवणार कसं?

इथे माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं टोचून घेतो. ‘उपेक्षित’ हा शिक्का बसला की चित्रपट आपोआप थोर होत नाही. आम्ही दाखवलेल्या काही ‘हरवलेल्या रत्नां’च्या वेळी मी स्वतः मागच्या दाराशी उभं राहून घड्याळ बघितलं आहे. काही चित्रपट लोकांनी योग्य कारणांसाठी सोडून दिलेले असतात. आमच्यातले काही दर्दी तर असे, की चित्रपट चार लोकांना आवडायला लागला की त्यांचा रस जातो. त्यांचं सोडा. माझं म्हणणं एवढंच आहे, की निवाडा बघून व्हावा. तुमच्या गोदामाच्या यादीवरून होऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, अहो, पण आता सगळं ऑनलाइन आहे की. आहे. आणि माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते.

लिओ मॅकॅरीचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ 1937 चा. घर बँकेकडे गेलेलं वृद्ध जोडपं. पाच मुलं आहेत, पण दोघांना एकत्र ठेवायला कुणाकडेच जागा नाही. म्हणून आई एका मुलाकडे, वडील दुसऱ्या मुलीकडे. शेवट गोड करा असा स्टुडिओने धोशा लावला, मॅकॅरी बधला नाही. चित्रपट पडला, पॅरामाउंट स्टुडिओने मॅकॅरीला काढून टाकलं. जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ला प्रेरणा इथून मिळाली, कारण त्याचा सहलेखक नोदा याने हा चित्रपट बघितला होता. आता प्रसंग ऐका. सून घरी पत्त्यांच्या ब्रिजचे वर्ग घेते. नीटनेटके कपडे घातलेली पाहुणेमंडळी टेबलांभोवती बसली आहेत आणि त्यांच्यामध्ये ही सासू, तिची खुर्ची करकरतेय. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तेवढ्यात सासूच्या नवऱ्याचा फोन येतो. फोनवर मोठ्यानेच बोलायचं असतं अशी म्हातारीची समजूत, त्यामुळे सगळा दिवाणखाना ऐकतोय. आधी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर त्रासिक हसू. ती मात्र तब्येतीचं विचारते, थंडीचं सांभाळ म्हणते. हळूहळू एकेकाचं पत्ते लावणं थांबतं. कुणी खाली बघतं, कुणी दुसरीकडे. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, दिसतात ते ऐकणाऱ्यांचे चेहरे. ती फोन ठेवते तेव्हा त्या खोलीतलं प्रत्येक माणूस ओशाळलेलं आहे, आणि आपणही.

आम्ही हा दाखवला तेव्हा एक गृहस्थ सुरुवातीपासून मोबाइलवर होते. त्या निळ्या उजेडाने माझा जीव वैतागला होता. फोनचा प्रसंग संपता संपता तो उजेड गेला. खेळ संपल्यावर ते काही बोलले नाहीत, खुर्च्या उचलायला मात्र थांबले. पाचवा माणूस मिळाला.

हाच चित्रपट मी त्याआधी एका स्ट्रीमिंग मंचावर शोधून काढला होता. शोधून काढला हे शब्द मुद्दाम वापरतोय, कारण नाव अचूक टाइप केल्याशिवाय तो दिसतच नव्हता. तो जवळपास चौकोनी पडद्यासाठी चित्रित झालेला, पण टीव्हीची रुंदी भरून काढायला आडवा ताणलेला. सगळ्यांचे चेहरे बसके, म्हातारी आणखीच ठेंगणी. सबटायटल्स दोन सेकंद मागे. त्या फोनच्या प्रसंगात, जिथे शांततेलाच अर्थ आहे तिथे, आधीचं वाक्य खाली रेंगाळत होतं. शेवटच्या चौकटीत ती प्लॅटफॉर्मवर एकटी वळते, आणि ती वळते न वळते तोच पडदा कोपऱ्यात आक्रसला व भडक रंगात एका मारधाडीच्या मालिकेची जाहिरात: पाच, चार, तीन, दोन. वर पुन्हा आकडेवारीत नोंद झाली असणार की या चित्रपटाला प्रतिसाद कमी. त्या मंचाला मी सविस्तर कळवलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं यंत्राने ताबडतोब उत्तर दिलं. दोन महिन्यांनी चित्रपटच गायब झाला. करार संपला असेल. निदान ‘अमुक तारखेला काढतोय’ अशी पाटी तरी लावायची.

याला उपलब्ध असणं म्हणतात का? कुणीतरी माणसाने माणसाला सांगावं लागतं, की हा बघ, सुरुवातीची वीस मिनिटं धीर धर. ते काम यंत्राच्या शिफारशींनी होत नाही, कारण तुम्ही आधी काय बघितलंत यावरून ते पुढचं सुचवतं आणि या चित्रपटांसारखं तुम्ही आधी काहीच बघितलेलं नसतं. तुमच्याकडे जाणती माणसं नाहीत असं थोडंच आहे? त्यांना आठवड्याला एका चित्रपटावर चार ओळी लिहायला सांगा आणि तो चित्रपट महिनाभर पहिल्या पानावर ठेवा. ‘द नाइट ऑफ द हंटर’ 1955 मध्ये सपशेल पडला, चार्ल्स लॉटनने पुन्हा कधी दिग्दर्शन केलं नाही. त्याला नंतर जी मान्यता मिळाली ती असंच सांगत, लिहीत, दाखवत राहिलेल्या लोकांमुळे. लॉटन 1962 मध्ये गेला. त्याच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही.

खर्चाचं मला कळतं. निगेटिव्ह साफ करणं, चौकटीगणिक ओरखडे काढणं, आवाज नीट करणं, हे पैशाचं आणि महिनोन्महिन्यांचं काम आहे. पण तुमच्यापुढे आदर्श नाहीत असं नाही. मार्टिन स्कोर्सेसीने 1990 मध्ये द फिल्म फाउंडेशन उभं केलं, 2007 मध्ये जगभरच्या दुर्लक्षित चित्रपटांसाठी वेगळा प्रकल्प सुरू केला. उदय शंकरांचा ‘कल्पना’ आणि घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ त्यातूनच पुन्हा बघण्याजोगे झाले. पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी जन्मभर डबे गोळा केले, तेव्हा त्यातल्या किती डब्यांना ‘प्रेक्षक’ होते?

शिवाय मी मागतोय त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. तुमच्याकडे काय काय आहे त्याची यादी उघडी करा. निम्म्या वेळा हक्क नेमके कुणाकडे हेच कळत नाही, आणि विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एका चित्रपटासाठी मला तीन कार्यालयांनी एकमेकांचे पत्ते दिले आणि तिसऱ्याने दिलेला पत्ता पहिल्याचाच होता. पन्नास खुर्च्यांच्या विनातिकीट खेळाला आणि मोठ्या व्यावसायिक प्रदर्शनाला एकच फॉर्म, एकच शुल्क लावू नका. वारसदारांमध्ये भांडण असेल तर असो, ते मिटेपर्यंत निदान प्रत थंड आणि कोरड्या जागी हलवा. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला की तिचा ऱ्हास सुरू झाला आणि मग ती कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. आणि दुरुस्ती परवडत नसेल तर ओरखड्यांसकट द्या. आम्हाला चालतं. पडद्यावर पाऊस पडल्यासारखं दिसत असलं तरी त्याच्या पलीकडचा चेहरा दिसतो.

ज्या चित्रपटाबद्दल ते दोन ओळींचं उत्तर आलं होतं, त्याचा अर्ज मी या पत्रासोबत पुन्हा पाठवतो आहे. या वेळी खाली आमच्या त्रेसष्ट सभासदांच्या सह्या आहेत. यातल्या एकानेही तो बघितलेला नाही, आणि सह्या त्यासाठीच आहेत. परवानगी नाकारायची असेल तर नाकारा, पण चौदा महिने लावू नका. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या खेळाची जागा मी रिकामी ठेवली आहे. पत्रकावर त्या ओळीत तूर्त ‘नंतर कळवू’ असं छापलंय.

कळावे,

आपला,
एका फिल्म सोसायटीचा चिटणीस